बेओवुल्फ: शेवटचा शब्द कौतुकाचा की टोमण्याचा?

उंबरठा

मंडळी, आमचा सहा जणांचा वाचनगट आहे. यावेळी एकाने उत्साहाच्या भरात 'बेओवुल्फ' हे जुनं इंग्रजी काव्य सुचवलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. अनुवादच वाचला. मूळ जुनं इंग्रजी उघडलं की आपल्याला इंग्रजी येतं हा गैरसमज पहिल्याच ओळीत दूर होतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: डेन्मार्कचा राजा ह्रोथगार हेओरोट नावाचं मोठं सभागृह बांधतो. तिथल्या गाण्याबजावण्याने चिडलेला ग्रेंडेल नावाचा राक्षस बारा वर्षं रात्री येऊन माणसं खातो. दक्षिण स्वीडनातल्या गीट लोकांमधला तरुण बेओवुल्फ चौदा साथीदार घेऊन समुद्र ओलांडून येतो, नुसत्या हातांनी ग्रेंडेलचा दंड उपटतो. दुसऱ्या रात्री ग्रेंडेलची आई सूड घ्यायला येते, हा तळ्याच्या तळाशी जाऊन तिलाही मारतो. पुढे स्वतः राजा होतो, पन्नास वर्षं राज्य करतो आणि म्हातारपणी एका ड्रॅगनशी लढताना मरतो. ड्रॅगनही मरतो.

माझा प्रश्न शेवटच्या ओळीबद्दल आहे. चितेनंतर लोक म्हणतात, जगातल्या राजांमध्ये हा सर्वात दयाळू, सर्वात सौम्य, प्रजेशी सर्वात मायेने वागणारा आणि... 'लोफ्येओर्नोस्त'. म्हणजे कीर्तीसाठी सर्वात आसुसलेला. ३१८२ ओळींचं काव्य या शब्दावर संपतं. आधीचे तीन गुण एखाद्या संताला शोभतील असे, आणि चौथा असा! हे कौतुक आहे की जाता जाता काढलेला चिमटा? शुक्रवारी गटात मला बोलायचंय.

चहाबाज

थोडक्यात बकासुर वध. पुढचा धागा!

ग्रंथकीडा

चहाबाज, साम्य आहे, पण फरक जास्त मजेदार आहे. एकचक्रेच्या बकासुराचा एक करार होता: गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. अन्यायी असला तरी व्यवहार होता. ग्रेंडेलवरचा कवीचा आरोप नेमका उलटा आहे. तो कुठलाही व्यवहार मानत नाही. त्या समाजात माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना 'वेरगिल्ड', म्हणजे जिवाची ठरलेली भरपाई, द्यावी लागे. वेसेक्स या जुन्या इंग्लिश राज्याच्या कायद्यात साध्या स्वतंत्र माणसाचे २०० शिलिंग, सरदाराचे १२००. कवी मुद्दाम सांगतो की ग्रेंडेलकडून भरपाईची आशा डेन लोकांपैकी कुणीच ठेवू शकत नव्हता. माणसं खाणं भयानक आहेच, पण तो माणसांच्या कायद्याच्या बाहेर आहे, हे त्याहून भयानक.

आणि बेओवुल्फ मदतीला येतो त्यामागेही हाच हिशेब आहे. त्याच्या बापाने एकाला मारलं होतं आणि ती भरपाई ह्रोथगारने भरून वैर मिटवलं होतं. मुलगा आला तो बापाचं देणं फेडायला. ह्रोथगार हे भर सभेत बोलून दाखवतो, पोराला जरा ओशाळल्यासारखं झालं असणार.

निळूभाऊ

किर्मीर विसरू नका. बकासुराचा भाऊ. वनपर्वात भीमाला गाठून भावाचा सूड घ्यायला जातो. म्हणजे 'एकाला मारलं की घरचं दुसरं कुणीतरी येतं' हा भाग दोन्हीकडे आहे. बाकी धागा छान. वाचतोय.

गौतमी

घरचं कुणीतरी? तिला नाव नाही हो निळूभाऊ. ३१८२ ओळींमध्ये तलवारीला नाव आहे (ह्रुन्टिंग), आणि ग्रेंडेलच्या आईला नाही.

आणि तिने काय केलं बघा. मुलगा मारला गेला, तिने सभागृहात येऊन एक माणूस नेला. ह्रोथगारचा जिवाभावाचा सल्लागार एशेरे. एकाला एक. त्यांच्याच नियमाने हे चोख आहे. ह्रोथगार स्वतःही सांगतो की ती मुलाचा सूड घ्यायला आली. कवी तिच्यासाठी 'इडेस' शब्दही वापरतो, जो राण्यांना लावतात. अनुवादकांनी मात्र तिची बऱ्याचदा चेटकीण करून टाकली.

शहाणासुर्ता

गौतमी, वकिली जोरदार, पण एशेरेचं मुंडकं तळ्याकाठच्या कड्यावर सापडतं तो भाग तुम्ही गाळलात. शोधायला निघालेले लोक तिथे पोचतात आणि खाली पाणी रक्ताने उकळत असतं. सूड कायद्याने घेतला असेलही, मांडणी मात्र तिची स्वतःची.

गौतमी

आणि ग्रेंडेलचा दंड सभागृहाच्या छपराखाली टांगला होता, ती मांडणी कुणाची?

शहाणासुर्ता

शरण. :-)

ग्रंथकीडा

या दोघांच्या भांडणात एक शब्द टाकतो, 'आग्लॅचा'. ग्रेंडेलला हाच शब्द, ड्रॅगनला हाच, आईला त्याचंच स्त्रीरूप. आणि सिगेमुंड नावाच्या वीरालाही हाच. ड्रॅगन आणि बेओवुल्फ भिडतात तेव्हा कवी दोघांना मिळून एकाच शब्दात गुंडाळतो. कोशकारांनी राक्षसासाठी वेगळा अर्थ दिला आणि वीरासाठी वेगळा. गंमत म्हणजे बीडसारख्या विद्वान मठवासी इतिहासकारालाही एका लेखकाने हेच विशेषण लावलंय.

कोल्हापुरी_ठेचा

यात अवघड काय हाय? आमच्याकडं 'भयंकर हुशार' म्हणत्यात, 'भयंकर देखणी' म्हणत्यात. 'राक्षस बॉलर हाय' म्हटलं तर कोण त्याला गदा घेऊन मारायला जात न्हाई. धाक वाटंल असा तो आग्लॅचा. मग शिंगं असोत नायतर पगडी.

ग्रंथकीडा

ठेचा, दंडवत! यावर लोकांनी लांबलचक निबंध पाडलेत.

चहाबाज

'भयंकर' वरून आठवलं, यांच्या त्या जोडशब्दांबद्दल कुणी बोललं नाही. समुद्र म्हणजे 'देवमाशाचा रस्ता', शरीर म्हणजे 'हाडांचं घर', तलवार म्हणजे 'लढाईचा उजेड'. मी आपले करून बघितले:
खड्डा: मणकेमोड
लोकल: घामगाडी
मोबाईल: वेळगिळ्या
कुकर: डाळीचा भोंगा

अनामिका_७

हेल्मेट: केसमोड. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप: भांडणांचं घर.

निळूभाऊ

छत्री: पावसाची ढाल. (हा खरा जमलाय असं माझं नम्र मत.)

उंबरठा

निळूभाऊंना सोन्याचं कडं! (त्या काळी राजे कवीला आणि योद्ध्याला कडी वाटत. राजाचा पर्यायी शब्दच 'कडी वाटणारा'.) पण माझा शुक्रवार लक्षात ठेवा लोकहो.

खारी_हवा

मी इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये राहते. बेओवुल्फ नाही, पण त्याच परंपरेतल्या दुसऱ्या काव्याच्या जागी दोनदा जाऊन आलेय, म्हणून लिहिते. उंबरठा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिथल्या चिखलात आहे.

मॉल्डन. ऑगस्ट ९९१. ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी नॉर्दी नावाचं चपटं बेट आहे. किनाऱ्यापासून तिथे जायला एक पायवाट, दिवसातून दोनदा भरतीखाली जाते. आजही. ओहोटीला उभं राहिलं की दोन्हीकडे राखाडी चिखल, शेवाळाचा वास, आणि वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. व्हायकिंग (उत्तरेकडून येणारे समुद्री लुटारू) बेटावर होते, एसेक्सचा सरदार ब्यर्‍हट्नोथ किनाऱ्यावर. भरती ओसरल्यावर त्याच्या तीन माणसांनी ती वाट अडवून धरली. तिघांनी! मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा घोडखिंडच आठवली.

मग व्हायकिंगांनी विचारलं, आम्हाला पलीकडे येऊन नीट लढू द्याल का? आणि याने येऊ दिलं. कवी म्हणतो, 'ओव्हरमोद' मुळे त्याने त्यांना गरजेपेक्षा जास्त जमीन दिली. पुढे तो पडला. गोद्रिक नावाचा त्याचा माणूस धन्याच्याच घोड्यावर बसून पळाला, घोडा ओळखून बाकीच्यांना वाटलं धनीच निघाला, आणि फळी फुटली. राहिले ते मरेपर्यंत लढले. त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना १०,००० पौंड चांदी मोजली.

गावात बागेच्या टोकाला ब्यर्‍हट्नोथचा पुतळा आहे, तलवार उगारून पाण्याकडे बघतोय. मुलाने विचारलं, हा जिंकला होता का? मी म्हटलं, नाही. मग पुतळा का? मला पटकन उत्तर सुचलं नाही.

निळूभाऊ

ताई, 'ओव्हरमोद' म्हणजे नक्की काय? गर्व?

ग्रंथकीडा

मी सांगू का? अक्षरशः 'जास्तीचं मन, जास्तीची उमेद'. जुन्या इंग्रजीत इतरत्र तो सैतानाच्या गर्वासाठी येतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्कीनने १९५३ साली यावर लिहिलं आणि ठाम भूमिका घेतली की कवी इथे सरदाराला दोष देतोय: स्वतःच्या शौर्याची हौस भागवायला त्याने हाताखालच्यांचे जीव पणाला लावले. सगळ्यांना हे मान्य नाही.

निळूभाऊ

मग हा आपला प्रतापराव गुजर झाला की. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी. बहलोलखानाला सोडला म्हणून महाराजांचा बोल लागला आणि सहा स्वार घेऊन सरळ फौजेवर घातली. सरनौबताने असं करायचं नसतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण त्यावरचं गाणं लागलं की आजही अंगावर काटा येतो. आणि त्याच्या धृपदातच 'वेडात' आहे! दोष पण तोच, गौरव पण तोच. ओव्हरमोदला मराठी शब्द मिळाला असं धरून चाला.

खारी_हवा

निळूभाऊ, हे वाचून थांबलेच. मुलाला आता हेच सांगते.

शहाणासुर्ता

थोडा विरोधी सूर. प्रतापराव एकटा सहांना घेऊन गेला, फौज मागे होती. ब्यर्‍हट्नोथने सगळी फौज घातली. तुलना काळजात भिडते म्हणून ती तंतोतंत होत नाही. बाकी चालू द्या.

कोल्हापुरी_ठेचा

शहाणासुर्ताचं नाव बदलून 'विरजण' ठेवा. कृपया हलके घ्या.

अनामिका_७

अवांतर: मॉल्डन म्हणजे ते मिठाचं मॉल्डन का? डब्यात पापुद्र्यांसारखं येतं ते?

खारी_हवा

हो, तेच! नदीच्या त्याच मुखाचं खारं पाणी. आणि अवांतर अजिबात नाही. काव्यात धनी पडल्यावर एल्फविने नावाचा तरुण बाकीच्यांना म्हणतो, मीडच्या पेल्यावर बाकावर बसून आपण काय काय बोललो होतो ते आठवा, आता कळेल कोण खरा. आपण याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो, ते प्यायल्या मीडला जागत. (मीड म्हणजे मधाची दारू.) त्या पेल्यावरच्या बोलण्याला 'बेओत' म्हणतात. इंग्रजीत त्याचं 'बढाई' असं भाषांतर करतात आणि सगळे योद्धे फुशारकी मारणारे वाटायला लागतात.

गौतमी

'विडा उचलणे'! भर दरबारात तबकातला विडा उचलला की ती फुशारकी नसते, मागे फिरायची वाट आपणच बंद केलेली असते. बेओवुल्फ ह्रोथगारच्या सभेत उठून बोलतो तो विडाच आहे. आणि शब्द ऐकून खूश होऊन राणी वेआल्हथेओव नवऱ्याशेजारी जाऊन बसते. त्या राणीचं कामही जरा बघा. पेला कुणापुढे आधी, कुणापुढे नंतर, यावर सभेची शांतता अवलंबून. अशा स्त्रियांना काव्यात 'शांतता विणणारी' म्हणतात. हिल्डेबुर्ह या डेन राजकन्येचं लग्न शत्रूच्या घरी होतं आणि तिचा भाऊ आणि मुलगा, दोघे दोन बाजूंनी लढून मरतात. ती दोघांना एकाच चितेवर ठेवायला सांगते. मला तर ड्रॅगनपेक्षा त्या चितेची भीती वाटते.

निळूभाऊ

खरंय. लिहायला काही सुचत नाही.

चहाबाज

वातावरण जड झालंय म्हणून विचारतो, हे इंग्रजांचं पहिलं मोठं काव्य आणि त्यात इंग्लंड कुठंय?

ग्रंथकीडा

नाहीच. सगळं डेन्मार्क, स्वीडन, फ्रिझिया (आजच्या नेदरलँड्सकडचा किनारा). १८१५ साली पहिल्यांदा छापलं तेही कोपनहेगनला, आणि शीर्षकात चक्क डॅनिश काव्य म्हटलंय. छापणारा थोर्केलिन आइसलँडचा. त्याने १७८० च्या दशकात लंडनला हस्तलिखिताच्या दोन नकला करून आणल्या, एक दुसऱ्याकडून, एक स्वतःच्या हाताने. १८०७ मध्ये ब्रिटिशांनीच कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात त्याची तयार केलेली आवृत्ती जळाली. नकला वाचल्या म्हणून पुन्हा बसला. आज त्या नकलांना सोन्याचं मोल, कारण १७३१ च्या आगीत मूळ हस्तलिखिताच्या कडा होरपळल्या होत्या आणि नंतर हाताळता हाताळता कडेची अक्षरं गळत गेली. मॉल्डनचं हस्तलिखित तर त्याच आगीत गेलंच. आधी कुणी नक्कल केली होती म्हणून ३२५ ओळी उरल्या. सुरुवात आणि शेवट तेव्हाही नव्हते.

आणि चहाबाज, इंग्लंड नसेल, भारत आहे! काव्यात नाही, त्याच बाडात. इसवी सन १००० च्या आसपास दोन लेखनिकांनी उतरवलेलं हे बाड. बेओवुल्फच्या आधी त्यात कुत्र्याच्या तोंडाचा संत ख्रिस्तोफर आहे, पूर्वेकडच्या अद्भुत प्राण्यांची यादी आहे आणि सिकंदराने अॅरिस्टॉटलला भारतातून लिहिलेलं म्हणून एक बनावट पत्र आहे: पोरस राजा, अजस्र सर्प, पाणघोडे.

अनामिका_७

म्हणजे आपण राक्षसांच्या मुलखातले?

कोल्हापुरी_ठेचा

पंचगंगेत पाणघोडं! आमच्या आज्ज्यानं कधी सांगितलं न्हाई.

शहाणासुर्ता

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्तीला शुक्रवार आहे. मी 'टोमणा' या बाजूचा. पुरावे असे. लोफ्येओर्न हा शब्द मठातल्या गद्यात सरळसरळ दोष म्हणून येतो: वाहवा मिळावी म्हणून पुण्य करणारा. दुसरं, ह्रोथगार तरुण बेओवुल्फला आधीच बजावतो. ग्रेंडेलच्या आईला मारलेल्या तलवारीचं पातं रक्ताने बर्फासारखं वितळलेलं, नुसती मूठ उरलेली. तिच्यावर प्रलयात बुडालेल्या राक्षसांची गोष्ट कोरलेली. ती मूठ हातात फिरवत म्हातारा म्हणतो, बाबा, गर्व धरू नकोस, बळ थोड्याच दिवसांचं आहे. ऐकलं का? सत्तरीच्या पुढे गेलेला, वारस नसलेला राजा ड्रॅगनसमोर जातो आणि साथीदारांना सांगतो, हे काम तुमचं नाही, माझ्या एकट्याचं आहे. नंतर दहा जण रानात पळाले म्हणून आपण शिव्या देतो, पण थांबा म्हणून त्यांना सांगितलं होतं कुणी? आणि जो एकटा धावून आला तो विग्लाफच शेवटी म्हणतो, एकाच्या हट्टापायी पुष्कळांना भोगावं लागतं. चितेशेजारी एक बाई रडते, ती राजासाठी कमी आणि येणाऱ्या आक्रमणांच्या भीतीने जास्त.

गौतमी

मी कौतुकाच्या बाजूची. शहाणासुर्ता, तुम्ही ड्रॅगनला पर्याय दिलाच नाहीत. एका गुलामाने पेला चोरला, तीनशे वर्षं राखलेल्या खजिन्यातला. ड्रॅगनने गावं जाळली, राजाचा वाडा जाळला. राजाने काय समिती नेमायची होती?

आणि मरताना तो कशाचं समाधान मानतो ते पाहा. ग्रेंडेलचं नावही नाही. म्हणतो, मी माझं होतं ते नीट राखलं, कपटाने भांडणं उकरली नाहीत, खोट्या शपथा खाल्ल्या नाहीत, नातलगाच्या खुनाचा डाग माझ्यावर नाही. त्या काव्यात भाऊ भावाला मारतो, काका पुतण्याच्या जिवावर उठतो. तिथे हे 'न केलेलं' केवढं मोठं आहे! अशा माणसाला लोकांनी नाव निघावं म्हणून झटणारा म्हटलं तर त्यात टोमणा कुठून आला?

निळूभाऊ

आपण 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' ऐकत वाढलो, त्यामुळे आपल्याला हा शब्द दोषाचा वाटणं कठीण.

शहाणासुर्ता

पण त्यात 'उरावे' आहे, 'आसुसावे' नाही. कीर्तिवंत वेगळा, प्रसिद्धीला हपापलेला वेगळा. मराठीतही दोन शब्द दोन टोकांना आहेत. आणि खजिन्याचं काय झालं? लोकांनी सगळा राजाबरोबर पुरला. कवी म्हणतो, तिथे तो आजही आहे, पूर्वी होता तितकाच निरुपयोगी.

ग्रंथकीडा

हा मुद्दा मला टोचला. कडी वाटणारा राजा, आणि शेवटी कडी मातीत.

उंबरठा

बापरे, केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. मी गटासाठी शेवटच्या ओळीचं मराठी करायला घेतलं आणि तिथेच अडकले. 'कीर्तिलोभी' लिहिलं की शहाणासुर्ता जिंकतात. 'यशवंत' लिहिलं की गौतमी. 'कीर्तीचा ध्यास घेतलेला' वर आत्ता पेन थांबलंय, पण ध्यास फारच सोज्वळ आहे, हपाप त्यात येत नाही. निळूभाऊंचं 'वेड' घेऊ का? 'नावाचं वेड असलेला'?

गौतमी

'वेड' ला माझी हरकत नाही.

शहाणासुर्ता

माझीही नाही. (नोंद घ्यावी, पहिल्यांदाच.)

कोल्हापुरी_ठेचा

विरजण लागलं न्हाई आज.

खारी_हवा

उंबरठा, शुक्रवारी काय झालं ते इथे नक्की लिही. मुलाला प्रतापरावांची गोष्ट सांगितली. तो म्हणतो, मग त्यांचा पुतळा बघायला कधी जायचं?